औषध आधी, उपदेश शेवटी

(वर्षावास प्रवचनमालेत लोणी काळभोर येथे केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला 'कुटुंब आणि धम्म' या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. विषय मोठा आहे. आम्ही त्यातला एकच भाग घेतला आहे, आणि तो सध्या बऱ्याच घरांत बंद दाराआड आहे. वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी हळूहळू बोलेनाशी होते. मित्रांकडे जाणे बंद होते. जेवणाचे ताट खोलीत मागितले जाते आणि अर्धे परत येते. रात्रभर डोळा लागत नाही, दिवसा अंथरुणातून उठवत नाही. शेजारी विचारतात तेव्हा आई सांगते, "अभ्यास चालू आहे." नातेवाईक विचारतात तेव्हा वडील सांगतात, "नोकरीचे बघतोय." ही गोष्ट आपण सप्ताहात, मेळाव्यात, जयंतीच्या बैठकीत कधी काढत नाही. आज ती काढायची आहे.

सुरुवात विनयपिटकातील एका प्रसंगाने करतो. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदांना बरोबर घेऊन विहारातून फिरत असताना तिथे आले. त्यांनी विचारले, तुझी सेवा करणारा कोणी आहे का? तो म्हणाला, नाही. का नाही? तर त्याचे उत्तर असे होते की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझे काही करत नाहीत. भगवंतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायाकडून धरून त्याला उचलले व अंथरुणावर निजवले. त्यानंतर त्यांनी संघाला बोलावले आणि समजावले की, इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

बंधू-भगिनींनो, त्या भिक्खूचे उत्तर नीट ऐकावे. "मी कोणाच्या उपयोगाचा नाही." आज आपल्या घरातला जो मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, त्याच्या मनात हेच वाक्य फिरत असते. आईबापांनी कष्ट केले, शिकवले, आणि मी काही करू शकलो नाही. भगवंतांनी त्या भिक्खूला उपयोगी पडण्याचे व्याख्यान दिले नाही. त्यांनी पाणी मागवले.

याच प्रसंगाच्या पुढे सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. पालीत आजाऱ्याला गिलान म्हणतात आणि त्याची सेवा करणाऱ्याला गिलानुपट्ठाक. पहिला गुण, त्याला औषधाची व्यवस्था करता आली पाहिजे. दुसरा, आजाऱ्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळले पाहिजे. मानवणारे त्याने जवळ आणावे, न मानवणारे दूर करावे. तिसरा, त्याने मैत्रीभावाने सेवा करावी, लाभासाठी नव्हे. चौथा, मलमूत्र, ओकारी, थुंकी यांची त्याला किळस वाटू नये. आणि पाचवा, वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने आजाऱ्याला धीर व आनंद देता यावा. क्रम लक्षात घ्या. औषध पहिले आहे आणि उपदेश शेवटी आहे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. उपदेश पहिल्या दिवशी सुरू होतो आणि औषधाची आठवण वर्षभराने येते. आज आम्हाला जे सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचे बोलणे या पाच गुणांचा विस्तार आहे.

विस्ताराआधी एक खुलासा. आम्ही हे पुस्तकातून वाचून बोलत नाही. आमचा थोरला मुलगा दोन वर्षे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून पुण्यातून घरी परतला आणि नंतर याच आजारातून गेला. आज तो कामावर जातो, औषध अजून चालू आहे. हे भाषण करण्यापूर्वी आम्ही उभयतांनी त्याला विचारले. तो म्हणाला, "सांगा, फक्त माझी कीव येईल असं सांगू नका." त्याचा शब्द पाळून बोलतो.

आता पहिला गुण, औषध. उदास वाटणे आणि नैराश्याचा आजार, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, यांत फरक आहे. परीक्षेत अपयश आले की चार दिवस वाईट वाटतेच. परंतु दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवसभर मन खिन्न राहिले, कशातच रस उरला नाही, झोप व भूक बिघडली, अंगात त्राण नाही, लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटू लागले, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे जावे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात साधारण वीस माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा तरी हा आजार झाल्याचे आढळले, आणि अशा आजाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. म्हणजे या सभागृहात शंभर माणसे असतील तर पाच जणांचा हा प्रश्न आहे आणि त्यातले चार जण गप्प आहेत.

उपचार लांब नाहीत. दौंड-पुणे लोकलने पुणे स्टेशनला उतरले की ससून रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे; तिथे मानसोपचार विभाग आहे. औंधला जिल्हा रुग्णालय आहे. घरातून उठवतच नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू केली. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येते आणि आईवडीलही फोन करू शकतात. पुण्यात 'येरवड्याला पाठवा' ही चेष्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यामुळे किती आया मुलाला घेऊन दवाखान्याची पायरी चढल्या नसतील! खरी गोष्ट अशी की, या आजारातले बहुतेक लोक घरी राहून, महिन्या-पंधरवड्याने डॉक्टरांना भेटून बरे होतात.

डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात, कारण थायरॉइडचा दोष, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता यांनीही माणूस असाच गळून जातो. व्यसनाविषयी विचारतात, न रागावता खरे सांगावे. गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही. दोन ते चार आठवडे, काही वेळा त्याहून जास्त लागतात. त्या काळात घरचे लोक म्हणतात, "काही उपयोग नाही, बंद करा." तसे करू नये. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवायला सांगतात आणि बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नयेत. गोळ्यांबरोबर समुपदेशनही तितकेच कामाचे असते.

दुसरा गुण, मानवते काय आणि मानवत नाही काय. यात झोपेचा विचार पहिला करावा लागतो. आमचे गाव पुणे-सोलापूर रस्त्यावरचे. रात्रभर वाहने चालू, तेलाच्या डेपोंचे टँकर चालू. इथे रात्र पूर्ण शांत अशी होतच नाही. त्यात हातात मोबाइल. आम्हाला बँकेत नोंदी ठेवायची सवय. डॉक्टरांनी सुचवले म्हणून आम्ही एक वही केली. तीत किती वाजता दिवा मालवला, अंदाजे किती वाजता डोळा लागला, किती वाजता उठला आणि दिवसा किती झोपला, एवढेच लिहायचे. पुढे ती वही मुलगा स्वतः भरू लागला. तीन आठवड्यांच्या नोंदी डॉक्टरांपुढे ठेवल्यावर त्यांना जे समजले ते तासभर बोलूनही सांगता आले नसते.

वहीतून आम्ही शिकलो ते असे. झोपण्याची वेळ माणसाच्या हातात नसते, उठण्याची असते. म्हणून रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवावी. उठल्यावर अर्धा तास उजेडात काढावा. ओट्यावर बसून चहा घेतला तरी चालतो. दुपारनंतर चहा-कॉफी नको. दिवसा झोप आवरली नाही तर अर्ध्या तासाच्या आत उठवावे. अंथरुणावर पडून तासन्‌तास छताकडे बघण्यापेक्षा उठून मंद दिव्यात बसावे आणि झोप आली की परत जावे. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायचा. हा नियम घरातल्या सगळ्यांना लावला तरच टिकतो, एकट्या आजाऱ्याला लावला तर ती शिक्षा होते.

न मानवणाऱ्या गोष्टीही सांगतो. पाहुण्यांपुढे त्याला उभे करून "याला जरा समजावा" म्हणणे मानवत नाही. चुलत भावाच्या पगाराची गोष्ट मानवत नाही. लग्न करून दिले की सुधारेल हा सल्ला तर दोन घरे बुडवणारा आहे. कोणी अंगारा-धुपारा, उतारा सुचवतो. आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाचे लोक आहोत. याविषयी अधिक बोलायची गरज पडू नये.

कोणी म्हणते, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवा, मन ताळ्यावर येईल. विपश्यनेविषयी आम्हाला आदर आहे. पण शिबिराच्या प्रवेशअर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, ती उगाच नाही. आजार जोरात असताना दहा दिवस मौनात स्वतःच्याच मनाबरोबर बसणे सर्वांना झेपत नाही. आधी डॉक्टरांना विचारावे, अर्जात खरे लिहावे. घरी पाच मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष देणे आणि बरोबरीने चालायला जाणे, एवढी सुरुवात पुरे.

तिसरा गुण, मैत्रीभाव. लाभासाठी सेवा नको. इथे आम्हा आईबापांची खरी परीक्षा आहे. मुलगा बरा व्हावा कशासाठी? परीक्षा द्यावी म्हणून, कर्ज फिटावे म्हणून, समाजात मान राहावा म्हणून? हे हेतू मुलाला लगेच कळतात. अंगुत्तर निकायात असा प्रसंग आहे की, हिवाळ्याच्या दिवसांत भगवान आळवी येथे उघड्यावर पानांच्या अंथरुणावर बसलेले असताना हत्थक नावाच्या गृहस्थाने त्यांना भेटून विचारले ते हेच, की झोप सुखाची झाली ना? किती साधा प्रश्न! सकाळी मुलाला "किती पाने वाचलीस?" असे विचारण्यापेक्षा "झोप लागली का रे?" असे विचारावे. उत्तर आले नाही तरी विचारावे.

या संदर्भात एका मराठी चित्रपटाचा उल्लेख करावासा वाटतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव'. २०१७ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या निर्मितीत डॉ. मोहन आगाशे होते, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. नैराश्याने घेरलेला एक तरुण आणि त्याला आसरा देणारी जानकी यांची ती गोष्ट आहे. जानकी स्वतः त्या वाटेवरून गेलेली, म्हणून ती त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. जेवण, निवारा आणि अवकाश देते, वाट पाहते. शक्य असेल त्यांनी घरात सगळ्यांनी मिळून हा चित्रपट पाहावा.

चौथा गुण, किळस नको. या आजारात मलमूत्र नसते, पण दुसऱ्या गोष्टी असतात. आठ-आठ दिवस अंघोळ नाही, केस वाढलेले, खोलीला वास, उष्टे ताट तसेच पडलेले. त्याहून जड असते ती त्याची चिडचिड आणि त्याचे मौन. त्याच ग्रंथात सेवा करण्यास कठीण अशा आजाऱ्याची पाच लक्षणे दिली आहेत. मानवेल ते करत नाही, प्रमाण पाळत नाही, औषध घेत नाही, काय होते ते सेवा करणाऱ्याला सांगत नाही, वेदना सहन करू शकत नाही. नैराश्यात ही पाचही लक्षणे आजारच निर्माण करतो. ग्रंथ त्याला सेवेस कठीण म्हणतो, वाईट म्हणत नाही. एवढा फरक ध्यानात राहिला तरी घरातली निम्मी भांडणे थांबतील.

याच गुणात आणखी एक गोष्ट येते. ती बोलायला कठीण आहे, पण टाळता येत नाही. मुलाच्या तोंडून "मी नसतो तर बरं झालं असतं" असे काही आले तर घाबरून विषय बदलू नये. शांतपणे, सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने ओझे हलके होते, असेच या क्षेत्रातले जाणकार सांगतात. आमच्या घरी एका रात्री हा प्रश्न त्याच्या आईने विचारला. तो बराच वेळ रडला आणि मग पहिल्यांदा पुष्कळ बोलला. ती रात्र आम्ही तिघांनी एकाच खोलीत काढली आणि सकाळी पहिल्या लोकलने दवाखाना गाठला. उत्तर 'हो' असेल तर मुलाला एकटे ठेवू नये, सर्व गोळ्या आपल्या ताब्यात घ्याव्यात, शेतीची औषधे घरातून हलवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पोलिसांच्या भीतीने कोणी थांबू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा न करता मदत द्यावी असे ठरवले. पुढे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचे जुने ३०९ कलमच राहिलेले नाही. त्याच २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराप्रमाणेच धरायला सांगितले आहे. आपली पॉलिसी काढून वाचावी.

आता पाचवा गुण, धम्माचे बोलणे. ते कोणते बोलावे? आपल्या घराघरांत मुलांना एक वाक्य ऐकवले जाते : "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुला काय झालंय?" बाबासाहेबांचे नाव मुलाला उभे करण्यासाठी आहे, त्याला मारण्यासाठी नाही. बाबासाहेबांचे पूर्ण चरित्र मुलांना सांगावे. जुलै १९२६ मध्ये त्यांचा लाडका राजरत्न गेला, तेव्हा ते शोकाने खचून गेले होते. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या, तेव्हा त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले होते. आणि घटनेचा मसुदा तयार होत होता त्या काळात त्यांना झोप लागत नव्हती, पायांत वेदना होत्या, इन्शुलिन चालू होते. त्यांनी काय केले? ते मुंबईला उपचारासाठी गेले. तिथेच डॉ. शारदा कबीर यांची भेट झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. एवढ्या मोठ्या माणसाने आपला आजार मान्य केला, डॉक्टर मान्य केला, सेवा करणारे माणूस मान्य केले. मग आपल्या मुलाने गोळी घेतली तर त्यात कमीपणा कसला?

आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक ओझे असते. महाविद्यालयात, वसतिगृहात, नोकरीच्या ठिकाणी कोणी काही बोलले असेल, आडनावावरून, सवलतीवरून टोमणा मारला असेल, तर ते घरी सांगत नाहीत. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईला डॉ. पायल तडवी गेली, तेव्हा सारा देश या प्रश्नावर बोलला. आपण आपल्या घरात बोललो का? मुलाला तेही विचारावे. अन्याय झाला असेल तर तक्रार आणि उपचार दोन्ही बरोबर चालले पाहिजेत. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. भगवंतांनी त्या दिवशी दोष एका माणसाला दिला नाही, सगळ्या संघाला बोलावले. म्हणून मंडळापुढे चार सूचना ठेवतो. विहाराच्या फळ्यावर १४४१६ हा क्रमांक कायमचा लिहून ठेवावा. ससून किंवा औंधला जाणाऱ्या कुटुंबाबरोबर पहिल्या खेपेला जाईल असा एक भाऊ व एक भगिनी नेमावी. त्यांनी ऐकलेली गोष्ट बाहेर सांगायची नाही, ही अट पहिली. अशा घरातल्या आईला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून कोणी तरी त्या घरी जाऊन बसावे, कारण सेवा करणारा आजारी पडला तर सेवा थांबते. आणि बरा झालेला मुलगा विहारात आला की "कुठे होतास इतके दिवस?" असे विचारू नये. सतरंजी घालायला, पाणी द्यायला त्याला बरोबर घ्यावे. आमच्या मुलाला मागच्या बुद्धपौर्णिमेला कोणी तरी काही न विचारता खिरीची बादली हातात दिली. त्या दिवशी तो घरी येऊन गाढ झोपला, हे वहीत लिहिलेले आहे.

आपल्या पिढीने मुलांना शाळेपर्यंत पोचवले. आता ती जिथे थांबली आहेत तिथे जाऊन त्यांच्याजवळ बसण्याची पाळी आपली आहे. 

नमो बुद्धाय. जय भीम.